झारा घेऊन स्कूटर बघायला

स्कूटर घ्यायला एक माणूस पुरतो म्हणतात. आमच्या ऋचाची स्कूटर घ्यायला चार म्हातारे लागले आणि चौघांतल्या एकालाही स्कूटर चालवता येत नाही. म्हणूनच इतके किस्से झाले. ज्याला येतं तो काम उरकून घरी जातो, त्याच्याकडे सांगायला काही उरत नाही. ज्याला येत नाही त्याच्याकडेच साठत जातं. परवा एकाने विचारलं, "अण्णा, त्या स्कूटरचं काय झालं होतं हो?" एक किस्सा सांगितला, तर त्याच्यामागून दुसरा आला, दूध उतू गेल्यासारखा. म्हटलं, लिहूनच टाकू. मी चौथीत शाळा सोडली आणि शाळेनेही मला थांब म्हटलं नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नका.

आधी माणसं सांगतो. मी बनारसला मंगला गौरीच्या देवळामागच्या गल्लीत राहतो. जन्मभर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचा स्वयंपाक केला. म्हणून इथले हिंदीवाले मला महाराज म्हणतात आणि घरचे, दारचे मराठी लोक अण्णा. आता गुडघे गेले. सकाळी राधे यादवच्या दूध-दह्याच्या दुकानासमोर चबुतऱ्यावर बसतो. तिथे दिनूभट येतो. तो घाटावर यात्रेकरूंची श्राद्धं करतो. बाबूराव येतात, ते बँकेतून रिटायर झालेत. आणि राधे दुकानात असतोच. हीच आमची अड्डी, इथल्या भाषेत गप्पांचा अड्डा. चौघांची मिळून अक्कल एका माणसाची आणि मतं चाळीस जणांची.

ऋचा माझी नात. तिचा बाप रेल्वेत आहे, झाशीला बदली. ती रक्त तपासायचा कोर्स पास झाली आणि लंकेच्या बाजूला एका लॅबमध्ये तिला नोकरी मिळाली. आमच्या बनारसात लंका नावाचा मोहल्लाच आहे, घाबरू नका. पण लॅब उघडते भल्या पहाटे. उपाशीपोटी रक्त द्यायला लोक उजाडायच्या आत रांग लावतात. आमच्याकडून तिथे जायचं तर ई-रिक्षा. ती शेवटची सवारी आल्याशिवाय हलत नाही आणि त्या वेळेला शेवटची सवारी झोपलेली असते. लॅबच्या डॉक्टरने सांगितलं, "पहिल्या तारखेपर्यंत येण्या-जाण्याची सोय करा, नाहीतर मी दुसरी मुलगी बघतो."

सूनबाईला ही नोकरी नको होती. एकटी मुलगी, अंधारात, एवढ्या लांब. पण पोरीला तोंडावर नाही म्हणवेना. मग ती म्हणाली, "अण्णांना पसंत पडेल ती स्कूटर घेऊ. अण्णांना पसंत पडली नाही तर नोकरी राहू दे."

सूनबाई हुशार आहे. मला आजपर्यंत काही पसंत पडलेलं नाही. माझ्या स्वतःच्या लग्नातल्या मठ्ठ्यालाही मी पांचट म्हणालो होतो.

*

पहिले कामाला लागले ते बाबूराव. ते बँकेत होते, त्यामुळे छापलेलं सगळं त्यांना खरं वाटतं. शहरातल्या सगळ्या शोरूममधून त्यांनी माहितीची रंगीत पत्रकं आणली आणि चष्मा लावून चबुतऱ्यावर पुराण सांगावं तसं वाचायला लागले. ॲव्हरेज एवढं, डिकी एवढी, सीटची उंची एवढी.

राधे दह्याच्या मडक्यांवर कागद बांधत ऐकत होता. तो म्हणाला, "बाबूजी, इसमें ये लिखा है कि सामने सांड़ आ जाए तो क्या करना है?"

आम्ही हसलो. बाबूराव हसले नाहीत. त्यांनी पत्रक उलटं करून मागची बाजू वाचली, मग आतलं पान वाचलं आणि गंभीरपणे म्हणाले, "नहीं लिखा है."

ते पत्रक त्यांनी बाद केलं.

*

मग निघाली बॅटरीवाली. पेट्रोल नको, धूर नको. ऋचालाही ती आवडली होती. बाबूराव तर म्हणाले, "अण्णा, आता जमाना हाच."

मी म्हटलं, "चार्ज कुठे करणार? आपलं घर दुसऱ्या मजल्यावर, गाडी खाली गल्लीत."

"खिडकीतून वायर सोडायची."

"आणि माकडं?"

आमच्या सूनबाईने गच्चीवर कुरडया घातल्या की एक माणूस काठी घेऊन राखणीला बसतो, तरी निम्म्या कुरडया माकडांच्याच. ती माकडं खिडकीतून लोंबणारी वायर सोडतील?

तरी आम्ही शोरूममध्ये गेलो. तिथला पोरगा म्हणाला, "दादाजी, वायर एकदम सेफ है. पानी, धूप, चूहा, किसी से कुछ नहीं होता."

मी विचारलं, "बंदर से?"

तो म्हणाला, "बंदर का टेस्ट नहीं हुआ है."

दिनूभटाचा आक्षेप वेगळाच होता. त्याने गाडी चालवून दाखवायला लावली आणि कानामागे हात धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, "हिचा आवाजच येत नाही. गाय बाजूला कशी होणार? गाईला काय शिट्टी मारायची?"

बॅटरीवाली गेली. ऋचाने बाबूरावांकडून पुढचं पत्रक मागून घेतलं. तेव्हा पहिली तारीख लांब होती.

*

त्यानंतर गल्लीचा प्रश्न निघाला. आमच्या गल्लीत एके ठिकाणी भिंत पोट काढून बाहेर आली आहे. तिथून दोन जाडी माणसं समोरासमोर गेली तर त्यांची ओळख होतेच. तिथून गाडीचं हँडल निघेल का? मोजायला पाहिजे. बाबूराव टेप आणायला घरी जाणार होते. मी म्हटलं, टेप कशाला? घरातून माझा झारा आणला, मोठ्या कढईतल्या पुऱ्या काढायचा, लांब दांड्याचा. भिंतीला आडवा लावून पाहिला. एक झारा आणि वर माझी वीत. झालं माप.

आता हेच माप हँडलला लावायचं म्हणजे झारा शोरूममध्ये न्यायला हवा. ऋचा म्हणाली, "अण्णा, मी तुमच्याबरोबर येणार नाही." मी म्हटलं, "नको येऊ. झारा येतोय."

शेवटी आली. पण दहा पावलं मागून, आमची कोणी नसल्यासारखी.

शोरूमच्या दारात गार्डने अडवलं. "बाबा, ये क्या है?"

"झारा."

"अंदर पूड़ी नहीं बनती, बाबा."

"मालूम है. नापना है."

मी एकेका गाडीच्या हँडलला झारा लावत गेलो, बाबूराव मागून "पास, पास" म्हणत गेले. सगळ्याच गाड्या पास झाल्या. एवढी खटपट करून एकही नापास होईना, याचा मला राग आला. टाय लावलेला सेल्समन नम्रपणे मागे फिरत होता. शेवटी न राहवून त्याने ऋचाला विचारलं, "मैडम, ये लोग आपके साथ हैं?"

ऋचा म्हणाली, "नहीं. मैं इनके साथ हूँ."

शेवटी त्या दिवशी खिशाला परवडतील अशा दोनच गाड्या राहिल्या. एक निळी, पत्र्याची, दणकट, दोन माणसांनी ढकलावी अशी. दुसरी पिस्त्याच्या रंगाची, छोटी, हलकी. मला निळी हवी होती. ऋचाला पिस्ता. दिनूभटाने पत्रिका बघून सांगतो म्हटलं, तर त्याला कोणी विचारलं नाही.

*

गाडी ठरेपर्यंत पोरीने शिकून तरी घ्यावं म्हणून राधेने आपल्या पुतण्याची जुनी स्कूटर दिली. ती खरचटलेली होती, पण चालायची. दिनूभट म्हणाला, "मुलगी पहिल्यांदा गाडीवर बसतेय. नुसती कशी बसवायची? छोटीशी पूजा करतो."

आता दिनूभटाचं असं आहे की त्याने आयुष्यभर एकच काम केलं. सकाळी घाटावर जायचं, यात्रेकरू धरायचा, त्याच्या बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं श्राद्ध करायचं, दुपारी जेवून झोपायचं. त्याचं तोंड एकीकडे बोलतं आणि हात आपले आपण चालतात. श्राद्ध करता करता तो माझ्याशी भाजीच्या भावाचं बोलू शकतो.

सकाळी ऋचा तयार होऊन आली. हेल्मेट घालून गाडीवर बसली. मी नारळ आणला, सूनबाईने वरच्या खिडकीतून हळद-कुंकू खाली सोडलं. दिनूभट म्हणाला, "गाडीचं तोंड दक्षिणेला करा."

राधेने गाडी फिरवली.

दिनूभटाने जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. पितरांच्या कामाला घेतात तसं. माझ्या लक्षात आलं, पण मला वाटलं वाहनाचंही असंच असेल. मी स्वयंपाकी, मला काय कळतं? मग तो म्हणाला, "काळे तीळ आणा."

राधे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून तीळ घेऊन आला. दिनूभटाने डोळे मिटले, पळीभर पाणी हातावर घेतलं आणि विचारलं, "गोत्र?"

मी गोत्र सांगितलं.

"नाव सांगा. आणि तिथी कोणती?"

हेल्मेटमधून आवाज आला, "दिनूआजोबा, मी जिवंत आहे."

दिनूभटाने डोळे उघडले. एकदा तिळांकडे पाहिलं, एकदा जानव्याकडे, मग वरच्या खिडकीकडे. खिडकीत सूनबाई उभी होती. ती जिना उतरून खाली आली, गाडीची किल्ली काढून घेतली, कमरेला खोचली आणि वर गेली.

त्या दिवशी शिकणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी दिनूभट स्वतः वर गेला, काय बोलला देव जाणे, किल्ली घेऊन आला. गाडीचं तोंड पूर्वेला करून पूजा केली. इतकी लांबवली की नारळाला कोंब फुटेल असं वाटलं. राधे म्हणाला, "पंडितजी, कल का उधार भी उतार रहे हैं का?" आणि दक्षिणा द्यायला गेलो तर दिनूभटाने हात मागे घेतला. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. हात मागे घेतलेला पहिल्यांदा पाहिला.

*

शिकवायला गंगेच्या पुलाच्या अलीकडच्या मोकळ्या मैदानात नेली. शिकवणारा राधेचा पुतण्या. त्याने सांगितलं, हा ब्रेक, हा ॲक्सिलेटर, बाकी आपोआप. ती निघाली. मी मागचा दांडा धरला आणि गुडघे विसरून बरोबर पळालो. सायकल शिकवताना धरतात की नाही? मग?

राधे कडेवरून ओरडला, "महाराज, सीख कौन रहा है?"

ती पुढे, मी मागे, धोतर गुडघ्यापर्यंत. थोड्या वेळाने ऋचा मागे न बघता म्हणाली, "अण्णा, सोडा आता."

मी म्हटलं, "सोडलंय."

"सोडलंय?"

"कधीचं."

"मग माझ्या मागे धापा कोण टाकतंय?"

दुसऱ्या दिवसापासून मला कठड्यावर बसवलं आणि माझ्या धोतराचा सोगा राधेने मुठीत धरून ठेवला. मी नुसता उठायला लागलो तरी तो ओढायचा. एकदा ती मैदानाच्या पार टोकाला गेली आणि दिसेनाशी झाली. मी म्हटलं, "राधे, सोड." तो म्हणाला, "नहीं." ती परत दिसेपर्यंत त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. तोही तिकडेच बघत होता. मूठ मात्र घट्ट.

*

पण गाडी काही ठरेना. मी निळीवर अडलो होतो. माझं म्हणणं सरळ होतं. जड बुडाचं भांडं करपत नाही, हलकं करपतं. हलकी गाडी रस्त्यावर टिकणार नाही. एक ट्रक बाजूने गेला की वाऱ्यानेच आडवी. ऋचाचं म्हणणं, "अण्णा, निळीवर माझे पाय नीट टेकत नाहीत."

मी म्हटलं, "बूट घाल."

"ती माझ्याने हलत नाही."

"जेवत जा."

सूनबाई पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. ती कोणाचीच बाजू घेत नव्हती. तिला घ्यायची गरजच नव्हती. आमचं भांडण चाललं होतं तोवर तिचं काम होत होतं. पहिली तारीख आली होती समोर. लॅबच्या डॉक्टरचा फोन आला, "इंतज़ाम हो गया?" ऋचाने उत्तर दिलं, "हो रही है, सर," आणि फोन ठेवून माझ्याकडे बघितलं.

त्या संध्याकाळपासून ती माझ्याशी हिंदीत बोलायला लागली. आमच्या घरी हे असं आहे. पोरं बाहेर दिवसभर हिंदी बोलतात, उंबऱ्याच्या आत मराठी. घरात कोणी हिंदी काढली तर समजायचं, आपल्याला उंबऱ्याबाहेर काढलंय.

"चाय रखी है," ती म्हणाली.

मी म्हटलं, "साखर कमी आहे."

"आप डाल लीजिए."

आप! मराठीतलं तुम्ही घरातलं असतं, हे आप गिऱ्हाइकाला म्हणतात तसलं. चार वर्षांची असताना माझ्या पाटावर माझ्या आधी बसणारी पोरगी. मला तिच्या आजीनेही कधी आप म्हटलं नाही.

सकाळी अड्डीवर सांगितलं. बाबूराव म्हणाले, "अण्णा, घेऊन टाका पिस्ता." दिनूभट म्हणाला, "निळीच घे, पण तिला पिस्त्याचा रंग मारून आण." राधे म्हणाला, "महाराज, चलाना उसको है, डर आपको लग रहा है." मी त्याला म्हटलं, तू दही लाव. तो दही लावायला लागला.

*

शेवटी पहिली तारीख परवावर आली तेव्हा ऋचाच चबुतऱ्यावर आली. माझ्याकडे न बघता दिनूभटाला मराठीत म्हणाली, "दिनूआजोबा, सगळे चला शोरूमला. आज ठरवू. नाही ठरलं तर मी डॉक्टरांना नाही म्हणून सांगते."

आम्ही चौघं गेलो. राधेने दुकान पुतण्यावर टाकलं. या वेळी मी रिकाम्या हाताने गेलो, तरी गार्डने विचारलं, "आज खाना नहीं बनेगा?"

सेल्समन तोच, टायवाला. ऋचा त्याला म्हणाली, "भैया, जो चलाकर दिखाते हैं, वो दोनों गाड़ी बाहर निकालिए."

त्याने निळी आणि पिस्ता दोन्ही शोरूमच्या बाहेर फरशीवर आणून लावल्या. ऋचाने आपल्या पिशवीतून दोन जुनी पोती काढली. राधेकडची होती, त्याने ओळखली. पोती जमिनीवर पसरली आणि म्हणाली, "अब इसको लिटाना है."

"किसको, मैडम?"

"नीली वाली को."

"मैडम, गाड़ी लेटती नहीं है. खड़ी रहती है."

"रास्ते में गिरती है कि नहीं?"

सेल्समन माझ्याकडे बघायला लागला. मी बाबूरावांकडे. बाबूराव पत्रक शोधत होते. तोवर ऋचाने हँडल धरून निळी हळूच कलती केली आणि पोत्यांवर आडवी टाकली. धप्प असा आवाज आला. आतून दोन पोरं पळत आली.

मग ती उचलायला लागली. हँडल वळवून धरलं, पाय रोवले, जोर लावला. निळी अर्धवट उठली आणि परत बसली. पुन्हा लावला. चेहरा लाल झाला. गाडी हलेना. मी पुढे झालो. दिनूभटही झाला. शोरूमची पोरंही झाली.

"अण्णा, थांबा."

मराठीत म्हणाली. मी थांबलो.

"ही पडेल तेव्हा तुम्ही तिथे नसाल."

एवढंच म्हणाली. राधेने खांद्यावरच्या गमछ्याने तोंड पुसलं, घाम आला नव्हता तरी. मग शोरूमच्या पोरांनी निळी उचलली, दोघांनी मिळून.

ऋचाने पोती झटकून पिस्त्याच्या बाजूला पसरली. पिस्ता आडवी केली. या वेळी तिने गाडीकडे पाठ केली, खाली बसली, एक हात हँडलला, एक सीटखाली, आणि पाठीने रेटत मागे मागे सरकायला लागली. कुठे शिकली कुणास ठाऊक. आम्ही तर शिकवलं नव्हतं. गाडी आधी कुरकुरली, मग उठली, मग उभी राहिली. तिने स्टँड लावला, हात झटकले आणि वेणी मागे टाकली.

सेल्समनचा जीव भांड्यात पडला. तो घाईघाईने म्हणाला, "तो सर, यही पैक करा दें?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ऋचा सोडून. ती गाडीच्या आरशाकडे बघत होती.

मी गाडीभोवती एक चक्कर मारली. टायर दाबून पाहिलं. हँडल हलवून पाहिलं. मग पोती उचलली, पलीकडच्या बाजूला नेऊन नीट पसरली आणि ऋचाला म्हटलं, "ही डावीकडे पडली. आता उजवीकडे पाड."

तिने पाडली. सेल्समनने डोळे मिटून घेतले. ती पाठ लावून उचलायला बसली, आम्ही चौघं मात्र जागचे हललो नाही.